साउंडवाले दाजी

लोह्यापासून चाकूरपर्यंत कुणीही नवी गाडी घेतली की पेढ्यांच्या आधी दाजी पोचतात. बाकीचे हार घालतात, ॲव्हरेज विचारतात. दाजी थेट दार उघडतात, खालच्या स्पीकरच्या जाळीवर टिचकी मारतात आणि चेहरा पाडतात.

"कागदी हाय. कंपनी इथंच मारती."

नात्यानं ते कुणाचे तरी दाजी असतातच. नेमके कुणाचे, हे विचारायचं राहून जातं.

अडचण अशी की दाजींची विद्या खोटी नाही. खोक्यावर 300 वॅट छापलेले असले तरी तो क्षणभराचा जोर. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत टिकणारा जोर. कंपनीचा डेक एका स्पीकरला पंधरा-वीस वॅटच्या वर सहसा देत नाही. तेव्हा थोडक्या वॅटात मोठ्यानं वाजणारा स्पीकर घ्यावा. 89 डेसिबलऐवजी 92 चा घेतला तर ताकद दुप्पट केल्यासारखं होतं. हे सगळं शंभर टक्के बरोबर. फक्त दाजी ते तेराव्याच्या पंगतीतही सांगतात.

खरेदीची त्यांची रीत ठरलेली. नांदेडला वजिराबादेत भाव काढायचा आणि घ्यायला लातूरला जायचं. लातूरवाल्यांसाठी हेच उलट. वाचलेल्या पाचशे रुपयांत डिझेल कुणी धरायचं नसतं.

दुकानात चाचणीला पोरं डीजेचं गाणं लावतात आणि छातीवर हात ठेवून बेस मोजतात. दाजींना वाघ्या-मुरळीचं गाणं लागतं. तुणतुणं ट्विटरमधून काचेजवळ उभं राहिलं पाहिजे, दिमडी दारातून आली पाहिजे. कान कुठं तयार झाला म्हणाल, तर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. आता यात्रेतही आवाज कर्ण्यातून येतो, पण असल्या शंका दाजींपुढं काढू नयेत.

परवा अहमदपूरचे एक मामा त्यांच्या तावडीत सापडले. मामांचा सगळा हिशोब सोयाबीनमध्ये. पुढच्या दोन दारांचा कंपोनंट सेट दहा हजारांचा, म्हणजे ट्विटर वेगळा, साडेसहा इंची वेगळा. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328.

"म्हणजे दोन क्विंटल दारात भरायचं?" मामा म्हणाले.

"भरायचं कुठं मामा, वाजवायचं!"

"आन् बाजारात हमीभाव कोण द्यायलंय? तीन धरा."

शेवटी मामा साध्या कोॲक्सिअल जोडीवर आले. ट्विटर त्याच्यातच, किंमत निम्मी. दाराच्या पत्र्याला आतून रबरी शीट चिकटवायचं काम, म्हणजे डॅम्पिंग, मामांनी सरळ कापलं.

मग फिटरच्या पोराची परीक्षा. दाजी मोबाइलची बॅटरी लावून दारात डोकं घालतात. वायर कापायची नाही, कपलर लाव, वॉरंटी जाईल. मॅग्नेट खोल आहे, काच खाली करून बघ, नाहीतर अडकेल. प्लस-मायनस उलटं झालं तर एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, माहेर-सासरसारखं, आणि बेस मधल्या मधे मरतो. पोरानं घाम पुसून पेचकस पुढं केला.

"दाजी, तुमीच बसवा."

दाजी दोन पावलं मागं सरले. हत्याराला हात लावणारे ते नव्हेत.

परतताना गाडी शंभरवर गेली, टायरचा घोंगाट सुरू झाला आणि दाजींचं तुणतुणं त्यात कुठं गेलं कळेना. मामांनी गाणं बंद करून आडत्याचा व्हॉट्सॲपवर आलेला निरोप लावला. सोयाबीनचा आजचा भाव चारी काचा भरून घुमला. दाजींनी आशेनं मामांकडं बघितलं.

"साफ यायलंय की," मामा म्हणाले. "भाव मात्र तेवढाच हाय."

"डॅम्पिंग राहिलंय ना मामा."