प्रेरणेच्या आधी पंखा

चहा येईपर्यंत बसा, हे प्रकरण उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नाही. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा पंखा बंद आहे आणि त्याच ऑफिसाने कर्मचाऱ्यांसाठी प्रेरणा शिबिर ठेवलं आहे. तुमच्याकडेही असंच काहीतरी असणार. पंखा नसेल तर खुर्चीचं चाक असेल, नाहीतर उघडताना हातात येणारा ड्रॉवर.

यावर ‘एवढंसं काय धरून बसलात’ म्हणणारे भेटतात. त्यांनी फ्रेडरिक हर्झबर्ग वाचलेला नाही. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गकडच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? १९५९ साली पुस्तक आलं. काम तडीस गेलं, कौतुक झालं, जबाबदारी मिळाली, तेव्हा लोकांना बरं वाटलं होतं. वाईट वाटण्याची कारणं बहुतेक वेगळीच निघाली: कंपनीचे नियम, वरिष्ठांची देखरेख, पगार, कामाच्या जागेची अवस्था. म्हणजे समाधान आणि असमाधान ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. पंखा फिरला म्हणून मी हर्षभरित होणार नाही, हे मान्य. पण तो बंद असताना वक्त्याने कितीही स्फूर्ती दिली, तरी घाम येतोच.

आता शेजारचं टेबल पाहा. तिथे दोन पंख्यांचा वारा येतो. काम तेच, ग्रेड तीच, लोकलही तीच. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६०च्या दशकात मांडलं, की माणूस आपण काय देतो आणि काय मिळतं एवढ्यावर थांबत नाही, हेच प्रमाण तो दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. तफावत दिसली की तो बेचैन होतो. मग काम कमी करतो, जास्त मागतो, नाहीतर नोकरी सोडतो. मी काम कमी केलेलं नाही. म्हणजे तफावत आहे तशीच आहे आणि तिचा सगळा भार मी एकटा सोसतो आहे.

अर्ज अर्थातच केला. तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ होत टेबलांवरून फिरतो आहे. प्रत्येक टेबलावर त्याला एक आद्याक्षरी मिळते, पंख्याला कंडेन्सर मात्र मिळत नाही. याचंही शास्त्र आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी होत गेला. १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जणांच्या गटात तो निम्म्यावर आला आहे. थोडा जोर ताळमेळ न जमल्याने वाया जातो, थोडा आपल्या वाटचं दुसरा करील म्हणून लावलाच जात नाही. आमच्याकडे एका पंख्याचा दोर अख्खा विभाग ओढतो आहे.

यावर व्यवस्थापन हॉथॉर्नचा दाखला देतं. शिकागोजवळच्या या कारखान्यात १९२४ पासून उजेड कमी-जास्त करून पाहिला. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, मंद केले तरी वाढलं, अशी कथा प्रशिक्षणाच्या वर्गांत सांगतात. तात्पर्य असं, की माणसाकडे लक्ष द्या, सोयींचं एवढं काही नसतं. पण स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी त्या प्रयोगांची मूळ आकडेवारी शोधून पुन्हा तपासली. २०११ च्या त्यांच्या लेखानुसार कथेत आहे तसा ठळक परिणाम त्या आकड्यांत दिसत नाही. तेव्हा हा बचाव फेटाळण्यात यावा. शिवाय माझ्याकडे लक्ष तरी कोण देतं आहे?

ज्याचं काम वेगळं मोजता येतं, तो गटातही हात आखडत नाही, हे रिंगेलमाननंतरच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. म्हणून माझी मागणी तेवढीच आहे. पंख्याच्या कागदावर एका माणसाचं पूर्ण नाव असावं आणि दुरुस्तीची एक तारीख असावी. ती उलटली तर त्याच माणसाने लेखी खुलासा द्यावा. तोवर शिबिराच्या हजेरीपटावर माझी सही मिळणार नाही. तुमच्या खुर्चीच्या चाकासाठी तुम्हीही असंच लिहून द्या. आणि प्रत ठेवा.