ब्रॉडबँड: कागदोपत्री सुसाट

ब्रॉडबँड म्हणजे काय, असं बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत कोणालाही विचारा. राउटरचा दिवा हिरवा असला म्हणजे ब्रॉडबँड, लाल झाला म्हणजे गेलं. सरकारी व्याख्या याहून बरीच लांब आहे. जास्त कामाची आहे, असं मात्र नाही.

2004 च्या धोरणात सेकंदाला 256 किलोबिट मिळाले की ते ब्रॉडबँड. 2013 मध्ये 512. मग जवळजवळ दहा वर्षं त्या आकड्याला कोणी हात लावला नाही. तोवर फोरजी आलं, कोरोना आला, मोबाइलवर शाळा भरली आणि सुटलीही. जानेवारी 2023 मध्ये जाग आली आणि मर्यादा झाली 2 मेगाबिट.

अमेरिकेने 2024 मध्ये ती 100 वर नेली. वेड्यांचा बाजार! इतका अवघड पेपर काढला तर पास कोण होणार?

आपला निकाल बघा. देशात नव्वद कोटींहून जास्त ब्रॉडबँड ग्राहक. त्यात घरात तार आलेले चार कोटींच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवाले. गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून जे मिळतं, तेही ब्रॉडबँडच.

खरी मेख पुढे आहे. हे 2 मेगाबिट मोजायचे कुठून? कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत. केंद्राच्या पलीकडचं व्याख्येत नाही.

पलीकडे फक्त इंटरनेट आहे.

आणि वेग कसला, तर डाउनलोडचा. अपलोडबद्दल व्याख्येत अवाक्षर नाही. तुम्ही पाहायचं, ऐकायचं, विकत घ्यायचं. तुमच्याकडून जगाला काही पाठवायचं असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

जाहिरातीतल्या 100 वरही भाळू नका. ते मेगाबिट. तुमचा सिनेमा मेगाबाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. भागा आठाने, उरले साडेबारा. बिल मात्र कोणी आठाने भागत नाही.

आपल्या बडनेऱ्याच्याच जिल्ह्यातलं हरिसाल घ्या. मेळघाटातलं हे गाव 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं. 2019 च्या प्रचारात राज ठाकऱ्यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच दाव्याची सभेत चिरफाड केली. मग खुलासे झाले, प्रतिखुलासे झाले. हरिसालच्या नेटपेक्षा हरिसालचा व्हिडिओ जोरात चालला.

बडनेऱ्याला तर तक्रारीला जागाच नाही म्हणा. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. रुळांच्या कडेने रेलटेलची ऑप्टिकल फायबर गेलेली. काचेच्या त्या तंतूतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो; इथून मुंबई म्हणजे पापणी लवायच्याही आत. शेवटची शंभर पावलं तेवढी बाकी राहतात. ती विजेच्या खांबावरून लोंबत येणाऱ्या काळ्या वायरची. तिच्यावर वानरं झोके घेतात.

वायर तुटली की संवाद ठरलेला.

‘भाऊ, नेट काहून बंद आहे?’

‘इकून तं चालू दिसून राह्यलं. स्पीड टेस्ट करून पाहा ना.’

‘नेटच नाही तं टेस्ट कशी करू?’

‘मंग अ‍ॅपवर तक्रार टाका.’