काकांची पुडी

"काकू, दोन डहाळ्या कढीपत्ता देता? आणि काका का असे तोंड वाकडं करून पडवीत बसलेत? भांडलात की काय?"

"भांडते कशाला! कोलेस्टेरॉलची पुडी घेतायत. स्टॅटिनच्या गोळीनं पोटऱ्या धरायला लागल्या, जिना चढवेना. म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टायरामिन दिलं. पाण्यात ढवळून प्यायचं. दातांत कचकचतं म्हणे. शिवाय पोट जड, संडासला साफ नाही. घरभर तोच विषय."

"मग रक्तातलं कोलेस्टेरॉल शोषून घेते ती?"

"छे गं, ती रक्तात जातच नाही. सूनबाई फार्मसीवाली ना, तिनं सांगितलं. पुडी आतड्यातच राहते आणि पित्ताम्लं धरून बाहेर नेते. मग यकृताला नवी करावी लागतात, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं."

"भारीच की!"

"भारी खरी. पण तूप-तेल पचतं ते पित्तावरच ना? त्याच्याबरोबर अंगी लागणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मग थोडी निसटू शकतात. मात्रा मोठी आणि बरीच वर्षं चालली, तर जास्तच. के फार कमी झालं की रक्त लवकर गोठत नाही. फॉलिक ॲसिडही घटतं कधीकधी."

"अगं बाई! आणि त्यांची थायरॉइडची गोळी?"

"तिथंच तर घोळ! आमचे हे सगळं एकदमच घ्यायचे, एका घोटात काम उरकलं म्हणून खूश. पुडी त्या गोळीलाही धरून ठेवते. सूनबाईनं असे कान उपटले! आता गोळी पहाटे, पुडी दुपारी जेवताना. बाकीची औषधं पुडीच्या तासभर आधी, नाहीतर चार ते सहा तासांनी."

"तुम्हाला कळलं का, चौथ्या घरातल्या मास्तरांनी आपली गोळी बंदच केली? म्हणे जीवनसत्त्वं जातात."

"कुठली गोळी?"

"ॲटोर्व्हास्टॅटिन."

"घ्या! शिकवून शिकवून हेच का शिकले? ती यकृतात काम करते, पुडीसारखं पित्त धरत नाही. आणि ती एझेटिमाइब असते ना, ती आतड्यातच कोलेस्टेरॉल अडवते, पण ही जीवनसत्त्वं सोडून देते. सगळ्यांना एकाच माळेत ओवून कसं चालेल? मास्तरांनी जपायचं ते वेगळंच. ग्रेपफ्रूटचा रस भरपूर प्यायला तर त्यांची गोळी रक्तात जास्त चढते. आपलं पपनस त्याच कुळातलं."

"म्हणजे गणपतीच्या माटवीचं पपनस?"

"माटवीला खुशाल बांधा म्हणावं, खायचं मात्र डॉक्टरांना विचारून. आणि तू आता घरी जाताना मास्तरीणबाईंना एवढं सांग: गोळी मनानं बंद करायची नाही, आजच डॉक्टरांना फोन करा."