गिंझाचे मुजरे

जगातील बहुतेक श्रीमंत रस्त्यांची अशी रीत असते की, खिसा हलका असलेल्या माणसाने त्यांवर पाऊल ठेवताच दारावरचा पहारेकरी, काचेआडची विक्रेती आणि प्रसंगी पोशाख घालून उभा केलेला पुतळादेखील त्याच्या पादत्राणांकडे अशा नजरेने पाहतो, की त्या बिचाऱ्याने आपण होऊन पलीकडच्या गल्लीत बदली मागून घ्यावी. तोक्योच्या गिंझाची तऱ्हा नेमकी उलट आहे. तेथे निष्कांचन माणसाची जी कोंडी होते ती सन्मानाच्या अतिरेकाने होते. आणि अपमान गिळण्याची सवय असलेल्या मध्यमवर्गीयाला सन्मान पचविणे किती जड जाते, हे कळायला या मोहल्ल्यातून एक फेरी पुरेशी आहे.

वास्तविक या मोहल्ल्याचे पूर्वचरित्र फारसे ऐटबाज नाही. 1612 मध्ये तोकुगावा सरकारने येथे चांदीची टांकसाळ आणली. पुढे 1872 च्या आगीत सगळी वस्ती भस्मसात झाल्यावर मेइजी सरकारने फर्मान काढले की, यापुढे लाकूड नको, वीट हवी, आणि थॉमस वॉटर्स नामक आयरिश अभियंत्याकरवी विलायती धर्तीची घरे उठविली. घरे देखणी होती. उणीव एवढीच, की त्यांत राहायला कोणी येईना. भिंतींना ओल येते, आत राहणाऱ्याच्या अंगाला सूज चढते, अशी आवई उठली आणि कित्येक इमारती भाडेकरूंची वाट पाहत रिकाम्या उभ्या राहिल्या. त्याच भूमीची गणना आज जपानातील सर्वांत महागड्या जमिनीत होते. क्यूक्योदो नावाच्या दुकानाच्या जागेने तर सरकारी दरपत्रकातला पहिला क्रमांक वर्षानुवर्षे सोडला नव्हता. आणि त्या दुकानात विकतात काय, तर उदबत्त्या आणि कागद! इतक्या मोलाच्या जागेवर उदबत्तीचा व्यवहार करण्यास जी निष्काम वृत्ती लागते, ती आमच्या मठाधिपतींच्या ठायीही विरळाच आढळेल.

सन्मानाचा पहिला वार होतो तो सकाळी दहा वाजता. मुख्य चौकात वाकोची इमारत आहे. तिच्या मनोऱ्यावरील घड्याळ 1932 पासून बाँबवर्षाव आणि अमेरिकी लष्कराचा अंमल या दोहोंनाही सारख्याच निर्विकारपणे वेळ सांगत आले. त्या घड्याळाचे ठोके पडू लागताच समोरच्या मित्सुकोशी नावाच्या बहुविभागी दुकानाची दारे उघडतात आणि आत दुतर्फा उभे असलेले सेवक व सेविका, आपण कोण, कुठले, खिशात किती, याची कसलीही चौकशी न करता, कमरेतून वाकून आपणांस मुजरा करतात. पहिल्या मुजऱ्याला मी नमस्कार केला, दुसऱ्याला मान लवविली. अत्तरे, हातमोजे आणि छत्र्या हे तीन विभाग ओलांडेतो माझी अवस्था खंडणी वसूल न करताच परत निघालेल्या सुभेदारासारखी झाली. एवढ्या लवाजम्यासमोरून काहीही न घेता बाहेर पडायला जे काळीज लागते, ते घेऊन मी घरून निघालो नव्हतो. सबब, एक हातरुमाल घेतला.

त्या हातरुमालाचा जो संस्कारविधी झाला तो सावकाश सांगण्याजोगा आहे. विक्रेत्या बाईंनी तो प्रथम पातळ कागदात निजवला, मग पेटीत ठेवला; मग एक जाड कागद मेजावर तिरपा पसरून पेटी त्याच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ती अशा लीलेने कोलांटत नेली, की प्रत्येक उलथीबरोबर कागदाची एक घडी आपोआप जन्मास यावी, आणि शेवटी एवढीशी चिकटपट्टी त्या सबंध राज्यकारभाराला पुरावी. नंतर पिशवी आली. बाहेर पाऊस भुरभुरत होता म्हणून पिशवीवर पारदर्शक आवरण चढले. बाईंनी ती मेजावरून न देता, वळसा घालून माझ्यासमोर येऊन, दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केली. आता तो रुमाल उलगडून त्याने नाक पुसणे मला जन्मात शक्य नाही.

फळांच्या दुकानांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे मी फार वेळ थांबलो नाही. खरबूज नावाचे जे फळ आपण नदीकाठच्या वाळूत ढिगाने पाहतो, त्याचे इथले आप्त लाकडी पेटीत, देठाचा आडवा दांडा मिरवीत, आसनस्थ झालेले असते. किंमत दहा हजार येनच्या पलीकडे. एका वेलीवर एकच फळ राखून बाकीची भावंडे बालपणीच खुडतात, असे या थोरवीचे कारण सांगतात. काटकसरी माणसाने त्यापेक्षा किमुराया या पाववाल्यांकडे जावे. 1874 मध्ये या घराण्याने पावाच्या पोटात कडधान्याचे गोड पुरण भरण्याची युक्ती काढली, आणि पुढच्याच वर्षी, खारवलेले चेरीचे फूल वर बसवलेला तो पाव सम्राट मेइजींच्या पानात पडला. सम्राटांनी चाखलेली वस्तू चिल्लर नाण्यांत मिळते, हे गिंझातले एकमेव गणित मला चटकन सुटले.

एवढ्या अदबीनंतर काबुकी-झा हे नाट्यगृह मला फार मानवले. 1889 पासून चालत आलेल्या या संस्थेची आजची वास्तू 2013 ची आहे. 1629 मध्ये सरकारने स्त्रियांना रंगभूमीवर मनाई केल्यापासून तेथे नायिकाही पुरुषच. बालगंधर्वांचा शालू आठवणाऱ्या मराठी प्रेक्षकाला त्यात नवल वाटू नये. नवल वाटते ते वरच्या माळ्यावरच्या रसिकांचे. ज्या शहरात आगगाडीतला मनुष्य खोकायचे असले तरी दिलगिरी व्यक्त करतो, त्याच शहरात नट ऐन क्षणी पवित्रा घेऊन थिजला की ही मंडळी त्याच्या घराण्याचे नाव गर्जून घेतात, ‘नारिताया!’ म्हणून आरोळी उठते आणि कोणीही वळून पाहत नाही. एका अंकापुरते तिकीट काढून मी ही चैन डोळे भरून पाहिली.

तेथून जवळच नायर नावाचे भोजनगृह आहे. राशबिहारी बोस यांच्याबरोबर जपानात राहून स्वातंत्र्यासाठी खटपट केलेल्या ए. एम. नायर यांनी ते 1949 मध्ये काढले. येथे मुजरा नाही आणि विकल्पांची यादी पुढे करून गिऱ्हाइकाला पेचात पाडणेही नाही. कोंबडीचा रस्सा, भात आणि भाजी यांचे ‘मुरुगी लंच’ हेच इथले मुख्य अन्न, आणि ते सगळे नीट कालवून खा, असा हुकूम ताटाबरोबरच सुटतो. गिंझाला जाणाऱ्या वाचकांनी दुपारचे जेवण येथेच करावे, अशी माझी शिफारस आहे. आणि हुकूम पाळावा, कारण न कालवता खाल्ल्यास ते तितकेसे चांगले लागत नाही.