थांबायला तुमचं काय जात होतं?

धडक देऊन पसार झालेल्या मोटारचालकास खुले पत्र

महोदय,

तुमचं नाव-गाव ठाऊक असतं तर हे पत्र थेट घरी पाठवलं असतं. तेवढी सोय तुम्ही ठेवली नाहीत. नाशिक महामार्गावर, चाकणच्या पुढे, रात्री तुमच्या मोटारीने एका दुचाकीला मागून उडवलं. दुचाकीवर माझे दाजी होते. सुतारकाम उरकून घरी निघालेले, डोक्यावर हेल्मेट, रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेले. जवळच्या ढाबेवाल्याने सांगितलं की गाडी पांढरी होती, थोडं पुढे गेल्यावर तिचे ब्रेकलाइट लागले आणि लगेच विझले. म्हणजे थांबायचं तुमच्या मनात आलं होतं. मग तुम्ही विचार बदललात. माझं भांडण त्या बदललेल्या विचाराशी आहे.

धडक क्षणात होते. डोळा लागला असेल, फोनकडे लक्ष गेलं असेल, पोटात दारू असेल. त्याचा निवाडा न्यायालयाने करावा. पळून जाणं मात्र क्षणात घडत नाही. आरशात बघून, रस्त्यावर पडलेला माणूस ओळखून, पाय ब्रेकवरून काढून तुम्ही तो निर्णय घेतलात.

तुमच्या बंपरची तुम्ही नीट काळजी घेतली असेल, याबद्दल मला शंका नाही. आता दाजींच्या उजव्या पायाचंही ऐका. गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि एका ठिकाणी कातडी फाडून बाहेर आलं. पायाबाहेर सळ्या लावून ते महिनोन्‌महिने जागेवर धरून ठेवावं लागलं. रंधा हाताने मारतात, असं आपल्याला वाटतं. पण जोर पायातून येतो. उजवा पाय मागे रोवून अंग पुढे लोटलं की रंध्यातून सलग ढलपी निघते. दाजींना आज तो पाय रोवता येत नाही. उकिडवं बसून चौकटीची सांध जुळवता येत नाही. रंधा चालवतात, पण ढलपी मधेच तुटते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते पाठ फिरवून उभे राहतात.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्याने ‘गोल्डन अवर’ म्हटलं आहे. मृत्यू टळण्याची शक्यता त्या तासात सर्वाधिक असते. दाजींचा तो तास तुम्ही वाया घालवलात. ते जगले याचं श्रेय ढाबेवाल्याचं आहे. त्याने स्वतःच्या गमछ्याने जखम दाबून धरली आणि १०८ ला फोन लावला.

‘जमाव मारेल ही भीती होती’ असं तुम्ही म्हणाल. रस्ता रिकामा होता, तरी ते खरं धरू. कायद्याने तुमच्या भीतीचाही विचार केला आहे. कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमावाच्या रोषामुळे ते शक्यच नसेल तर सूट आहे. पण लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन काय घडलं ते सांगावंच लागतं. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. जवळच पोलीस ठाणं होतं. त्याच रस्त्याने तुम्ही गेलात.

आता पैशांचं बोलू. बहुधा खरी भीती तीच असावी. प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी २०२२ मध्ये ठरलेला त्याचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये. हा विमा तुमच्या गाडीने जखमी केलेल्या माणसासाठीच असतो. तो भरला असेल, तर दाजींची भरपाई बहुधा तुमच्या खिशातून जाणार नव्हती. दाजींच्या नावची तरतूद घेऊन तुम्ही पळालात.

तिची किंमतही सांगतो. दाजींचं वय ३४, कमाई महिना २० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात. जखमींच्या दाव्यातही ते मिळवावेत, असं त्याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. झाले २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार या वयाला गुणक १६. गुणाकार ५३ लाख ७६ हजार. पायाच्या अपंगत्वाने सुतारकामाची क्षमता ३० टक्के गेली असं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने धरलं, तर १६ लाख १२ हजार ८०० रुपये. औषधोपचार आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई वेगळी.

हा हिशोब मांडायला गाडीचा नंबर लागतो. तो नसला की उरते ‘हिट अँड रन’ योजना. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याआधी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. सोळा लाख आणि पन्नास हजार यांच्यातला फरक तुम्ही पळताना सोबत नेलात. माझ्या ताईने मंगळसूत्र गहाण ठेवलं ते त्या फरकापोटी.

तुम्ही एकटे नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ६७,३८७ ‘हिट अँड रन’ अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसं गेली. जीव घेऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेत लिहिली गेली. ट्रकचालकांच्या संपानंतर ती बाजूला राहिली आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती या पोटकलमाला वगळून. तेव्हा तुमच्यासारख्यांना पळणं अवघड करायचं काम रस्त्यावरच्या माणसांना करावं लागेल. यापुढचं त्यांच्यासाठी लिहितो. तुम्हीही वाचा.

जखमीला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. मान-पाठ हलू देऊ नका, हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून मागे सरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्तावर सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार होऊ शकतात. रुग्णालयात पोचताच तिची चौकशी करा.

नंबर पूर्ण दिसला नाही तर दिसले तेवढे आकडे लिहून ठेवा. फुटलेल्या दिव्याच्या काचा पंचनाम्याआधी उचलू नका. त्यावरून मॉडेल कळतं. ढाबा, पेट्रोल पंप, टोलनाका यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायला सांगणारा अर्ज पोलिसांना लगेच द्या आणि पोच घ्या. रुग्णालयात ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, अशी नोंद करून घ्या. बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, कमाईचे कागद एका पिशवीत ठेवा. स्टॅम्पपेपरवरच्या तडजोडीवर घाईने सही करू नका. भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाकडे जाऊ नका. निकालावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. सहा महिन्यांच्या मुदतीचं भान ठेवून न्यायाधिकरणात दावा लावा. तो आपण राहतो त्या भागातही लावता येतो. गाडी सापडलीच नाही, तर अपघात झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे ‘हिट अँड रन’ योजनेचा अर्ज करा. पन्नास हजार पुरत नाहीत, पण ते हक्काचे आहेत.

महोदय, आता पुन्हा तुमच्याशी. त्या रात्रीनंतर तुमची गाडी कुठल्या तरी गॅरेजमध्ये गेली असेल. दिवा बदलणाऱ्याने काही विचारलं असेल, घरच्यांनी पोचा पाहिला असेल. त्या सगळ्यांनाही माझी विनंती आहे: तुम्हाला जे ठाऊक आहे ते पोलिसांना सांगा. आणि तुम्ही स्वतः वकील घेऊन पोलीस ठाण्यात जा. शिक्षा होईल ती होईल, ती भोगा. पण गाडीचा नंबर आणि विम्याची पॉलिसी तिथे नोंदवा. दाजींना तुमचा पश्चात्ताप नको आहे. त्यांना त्यांची भरपाई हवी आहे, आणि ती अडवून ठेवणारा माणूस जगात एकच आहे.

— त्या सुताराचा मेव्हणा