दोरीने मोजलेली रास

शंकूचं घनफळ त्याच पायाच्या आणि त्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतं, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. शाळेच्या कपाटातला पत्र्याचा शंकू तीनदा वाळूने भरून चितीत ओतला की ती काठोकाठ भरते, एवढा पुरावा नववीला पुरतो. का भरते, ते विचारायचं नसतं. आर्किमिडीजने लिहून ठेवलंय, की हा एक तृतीयांश आधी सांगितला डेमोक्रिटसने, पण सिद्ध करून दाखवला यूडॉक्ससने. म्हणजे ग्रीकांनाही ते एका तासात जमलेलं नाही.

सूत्र पाठ झालं तरी डोळा मात्र फसायचा तो फसतोच. खाऱ्या शेंगदाण्यांची कागदी पुडी घ्या. वडील बोलता बोलता खातात आणि दाणे निम्म्या उंचीवर आले, की मोठ्या मनाने म्हणतात, ‘‘घे, अर्धी तुला.’’ पोरगं खूश. वास्तविक उंची निम्मी झाली तशी तोंडाची रुंदीही दोन्ही अंगांनी निम्मी झालेली असते. हाती येतो फक्त आठवा हिस्सा. सात हिस्से तीर्थरूपांच्या पोटात. वाटणीचे दावे एवढ्यावरून लागत नाहीत, कारण पुडी पाच-दहा रुपयांची असते.

दाण्यांचं सोडा, धान्याच्या बाबतीत माणूस असा गाफील राहत नाही. खळ्यावर मळणी-उफणणी झाली की रास उभी राहते, म्हणजे जमिनीवर बसलेला शंकूच. ती पायलीने मापायची तर मापारी ‘लाभ’ म्हणून पहिलं माप टाकणार आणि संध्याकाळ करणार. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त यावर जो तोडगा दिला आहे, तो वाचून मला गणिताविषयी प्रथमच घरगुती जिव्हाळा वाटला. राशीला दोरीचा वेढा द्या. परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. झालं घनफळ!

पण राशीची उंची मोजायला वर कोण चढणार? आचार्य म्हणतात, चढू नका. भरड धान्य असेल तर उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी धरा, बारीक असेल तर अकराव्या, कुसळांचं असेल तर नवव्या. बारीक दाणा घरंगळतो म्हणून रास बसकी होते. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून ती ताठ राहते. धान्याचा स्वभावच त्यांनी सूत्रात घातला. भरड धान्याची साठ हात घेराची रास सहा हात उंच आणि सहाशे घनहात भरते, असं त्यांचं उदाहरण आहे. जवळजवळ तीस फूट रुंदीची ही रास कुणाच्या खळ्यावरची, ते त्यांनी सांगितलेलं नाही. सावकाराच्या भीतीने असेल.

यात पाय म्हणजे नुसते 3 धरलेत. हिशेबात शंभर पोती आली तर प्रत्यक्षात पंच्याण्णव-शहाण्णवच निघतील. आचार्यांना 3927/1250 हे सूक्ष्म मान ठाऊक नव्हतं असं नाही, ते ‘लीलावती’तच आहे. पण खळ्यावर उभ्या माणसाच्या डोक्याला किती ताप द्यावा, हेही त्यांना कळत होतं. पुढे तर कमालच आहे: रास भिंतीला टेकलेली असेल तर ती अर्धा शंकू, खोलीच्या कोपऱ्यात असेल तर पाव, घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडलेली असेल तर पाऊण. हा माणूस ओसरीवर बसून नुसतं पाटीवर गणित करणारा नव्हे, कोठारात डोकावून आलेला आहे.

मापावरच्या शिगेलाही हाच हिशेब लागतो. उंचीइतकंच रुंद माप असेल, तर भरड धान्याची शीग मापाच्या दहाव्या हिश्शाहून थोडी जास्तच भरते. तोंड पसरट केलं की आणखी वाढते. घेताना शिगेचं आणि देताना सपाट, ही व्यापारातली जुनी तक्रार उगाच नव्हती.

येत्या सुगीत गावाकडे गेलात तर दोरी बरोबर न्या आणि एक रास मोजून पाहा. मात्र सपाट जमिनीवरची निवडा. भिंतीकडेची निवडलीत तर निम्मं करायला विसराल आणि घरधनी विनाकारण खूश होईल.