अंशतः समुद्र

क्रूझच्या बाल्कनीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली आहे, त्यामुळे समुद्र अर्धाच दिसतो, अशी लेखी तक्रार करणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांना पोहता येत नाही.

तुम्हीही त्यांना ओळखता. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींची सहल. पण केबिनची निवड गणपतीत सुरू होते ती तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा ए-थ्री कागदावर रंगीत काढून आणलेला असतो, त्यावर तीन रंगांचे हायलायटर फिरलेले असतात. तुम्ही दूध आणायला निघालात की लिफ्टपाशी गाठतात. स्विमिंग पूलच्या खालची केबिन घेऊ नये, पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. थिएटरच्या वरची नको, रात्री ढोल. दोन केबिनींच्या मध्ये दार असेल तर मुळीच नको, शेजारच्याचं घोरणं आपल्या उशाशी. पार पुढची नको, नांगर सुटला की माणूस पलंगावर उठून बसतो. आणि हे सगळं खरं असतं, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

मग बाजू. दक्षिणेकडे जाताना सूर्यास्त उजव्या हाताला, कोकणचा किनारा डाव्या हाताला. यावर घरात आठवडाभर अबोला होऊ शकतो. येताना जहाज उलट्या दिशेने येतं आणि दोन्ही बाजूंना दोन्ही गोष्टी आयत्याच मिळतात, हे कुणी सांगू पाहिलं तर ‘तसं नसतं ते’ एवढंच उत्तर मिळतं. कसं असतं, ते सांगत नाहीत.

पण खरा विषय बाल्कनीचा. या गृहस्थांच्या घरालाही एक बाल्कनी होती. ताबा मिळाला त्याच महिन्यात त्यांनी ती आत घेतली. कठडा फोडला, सरकत्या काचा बसवल्या, हॉल चार फुटांनी वाढवला आणि बाहेर काढलेल्या जाळीत तुळस, बंद पडलेला टेबल-फॅन आणि गेल्या गणपतीचं मखर अशी व्यवस्था लावली. गेल्या कित्येक वर्षांत या घरातलं कुणी मोकळ्या हवेत उभं राहून चहा प्यायल्याचं आमच्या विंगेत कुणाला आठवत नाही. तोच माणूस दोन रात्रींच्या बाल्कनीसाठी साध्या केबिनच्या वर घसघशीत पैसे मोजतो. बरं, जहाज सहसा संध्याकाळी सुटतं आणि सकाळी मुरगावला लागतं. हिवाळ्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सातच्या आसपास उगवतो. मधले बारा-तेरा तास बाल्कनीतून जे दिसतं त्याला काळोख म्हणतात. तो पाहायला बाल्कनी लागत नाही, डोळे मिटले तरी पुरतं. सकाळी उजाडलं की मंडळी वर न्याहारीच्या रांगेत, बंदराला लागलं की टॅक्सीच्या रांगेत. बाल्कनीत ओला टॉवेल वाळत असतो. घरच्यासारखं वाटावं म्हणून असेल.

आता त्या होडीकडे येऊ. जहाजाच्या कडेला ओळीने टांगलेल्या या होड्या भडक नारिंगी असतात, कारण खवळलेल्या पाण्यात शोधणाऱ्याला लांबून दिसाव्यात. एकेकीत सहसा दीडशेपर्यंत माणसं मावतात. त्यांच्यामागच्या केबिनी ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणून थोड्या स्वस्तात विकल्या जातात. गृहस्थांनी त्यातलीच एक स्वस्तात घेतली आणि तक्रार पूर्ण दराची केली. होडी जरा पुढे सरकवता येईल का, निदान फोटो काढेपर्यंत? 1912 साली टायटॅनिकवर 2200 च्या वर माणसं होती, होड्या 20 आणि त्यांत जागा 1178 जणांना. त्या जहाजावर दृश्य अडवायला होड्या पुरेशा नव्हत्या. दोन वर्षांनी लंडनमध्ये देशोदेशींचे प्रतिनिधी बसले आणि जहाजावर असेल त्या प्रत्येकाला होडीत जागा हवी, असं ठरलं. गृहस्थांचा फोटो बिघडायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

दृश्याचे असे पैसे मोजायला यांना शिकवलं कुणी? आमच्या बिल्डरांनी. या शहरात समुद्र गेली कित्येक वर्षं फुटावर विकला जातोय. ‘पार्शियल सी व्ह्यू’ म्हणजे काय, तर बाथरूमच्या खिडकीतून डावा खांदा बाहेर काढला की दोन टॉवरच्या फटीत करडं काहीतरी चमकतं. त्या करड्या रंगाचे लाखांत पैसे. वर्ष-दोन वर्षांत समोर आणखी एक टॉवर उभा राहतो, आता त्याचा व्ह्यू विकायचा असतो, आणि आधीच्यांनी विकत घेतलेला समुद्र कुणी नेला हे विचारायला दारच नसतं. तरी लोक घेतात. घेतात आणि मग खालच्या कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत घातले की वास येतो म्हणून अर्ज करतात! अहो, समुद्र घेतलात ना तुम्ही? मग समुद्राला दुसरा कुठला वास यायला हवा होता, अगरबत्तीचा? ज्यांची पोटं त्या पाण्यावर आहेत त्यांना व्ह्यू मिळालेला नाही, किनाराच मिळतोय की नाही याची भ्रांत आहे, आणि तिसाव्या मजल्यावरच्या माणसाला होडीचं दर्शनसुद्धा सोसत नाही. परदेशी जहाजांनी यावरही तोड काढली आहे. काही जहाजांवर बिनखिडकीच्या केबिनीत छतापासून जमिनीपर्यंत पडदा लावतात, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र थेट दाखवतात आणि पुढे खोटा कठडाही. आमच्या गृहस्थांसाठी ही उत्तम सोय आहे. होडी नाही, वास नाही आणि आत घ्यायला बाल्कनीही नाही.

याच वाटेने एके काळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. रत्नागिरी, जयतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बहुतेकांचं तिकीट डेकचं. वळकटी पसरली की तेवढी जागा आपली. उशाला ट्रंक, पायाशी फणस, शेजारी कुणाला तरी बोट लागलेली. बंदर आलं की पडावात उड्या. पावसाळ्यात बोट बंद. कुणी म्हणेल, त्यात कसलं सुख? नव्हतंच फार. पण ती कोकणातल्या माणसाला त्याच्या गावात उतरवायची. आताचं जहाज त्या सगळ्या बंदरांवरून रात्रीचं निघून जातं, आणि आत रत्नागिरीचा माणूस बाल्कनीत उभा राहून ‘तो दिवा कुठला असेल?’ असं विचारतो.

तेव्हा, यंदा जाणार असाल तर केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची घ्या. तिथे जहाज सर्वांत कमी हलतं. सर्वांत महाग केबिनी वर असतात आणि हेलकावेही तिथेच जास्त. काळोखात झोप छान लागते आणि उरलेल्या पैशांत गोव्यात दोन वेळा झकास जेवण होतं. समुद्र पाहायचा तर वरच्या उघड्या डेकवर या, तिथे कुणाची केबिन कोणती हे कुणी विचारत नाही. माझ्या शेजारी उभे राहिलात तर तुम्हीही विचारू नका.